टेबलक्लॉथ डागाळणारी कोंबडी

मान्चामान्तेलेस. एका दमात म्हणून बघा. जमलं?

मेक्सिकोतल्या एका कोंबडीच्या रश्श्याचं हे नाव आहे. मान्चा म्हणजे डाग पाडते आणि मान्तेलेस म्हणजे टेबलावर अंथरायची कापडं. थोडक्यात, ‘टेबलक्लॉथ डागाळणारी’. पदार्थाच्या नावातच धुणं धुणाऱ्या बाईला आगाऊ सूचना देऊन ठेवणारी माणसं मला मनापासून आवडतात. आपल्याकडेही तांबड्या रश्श्याचं नाव ‘सदरा खराब’ ठेवायला काही हरकत नव्हती. असो.

रस्सा सुक्या लाल मिरच्यांचा, आणि त्यात अननस, केळं, सफरचंद, रताळं. चव गोड, तिखट आणि किंचित आंबट. कोंबडीत फळं म्हटल्यावर नाक मुरडणारी मंडळी आमच्या घरातच आहेत आणि ती हे वाचणारही आहेत, म्हणून आधीच सांगते: ज्यांना आंब्याचं सासव चालतं, कोयाडं चालतं, अननसाचं रायतं दोनदा वाढून घेतलेलं चालतं, त्यांनी इथे तक्रार करायची नाही!

आधी कृती, कारण इतिहास पोटभर जेवल्यावरच वाचावा.

चार-पाच जणांसाठी एक किलो कोंबडी घ्यायची, हाडांसकट. तिकडे यासाठी आन्चो नावाची मिरची वापरतात. पोब्लानो जातीची मिरची झाडावरच लाल होऊ देऊन वाळवली की तिचं नाव आन्चो होतं. दिसायला रुंद, सुरकुतलेली, जवळजवळ काळी. वास चक्क मनुकांसारखा आणि तिखटपणा बेताचा. ती मिळाली तर उत्तम, नाहीतर बारा-पंधरा ब्याडगी मिरच्या आणि मूठभर काळ्या मनुका घेऊन माझं छान भागतं. मिरच्यांच्या बिया काढून त्या तव्यावर मंद आचेवर शेकायच्या, वास सुटेपर्यंतच. काळ्या पडल्या की रस्सा कडू झालाच म्हणून समजा. मग त्या अर्धा तास गरम पाण्यात भिजत टाकायच्या. तेवढ्या वेळात दोन चमचे तीळ, दहा-बारा बदाम, बोटाएवढी दालचिनी आणि तीन लवंगा हे सगळं वेगवेगळं भाजून घ्यायचं. एक कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि तीन टोमॅटो तव्यावर काळे ठिपके पडेपर्यंत भाजायचे. आता हे सगळं मिरच्यांबरोबर अगदी गंधासारखं बारीक वाटायचं. वेळ असेल तर चाळणीतून गाळून घ्या.

कोंबडी तेलात परतून बाजूला काढा. त्याच पातेल्यातलं तेल कडकडीत तापलं की वाटण एकदम ओता आणि थोडं मागे सरका. आठ-दहा मिनिटं ढवळत राहायचं. रंग विटकरीवरून तपकिरीकडे जातो आणि कडेने तेल सुटायला लागतं. (‘तेल सुटेपर्यंत परता’ हे वाक्य दोन्ही देशांतल्या आज्या म्हणतात.) मग दोन-अडीच कप पाणी, मीठ, कोंबडी आणि झाकण. वीस मिनिटांनी रताळ्याचे आणि अननसाचे तुकडे घालायचे, शेवटच्या दहा मिनिटांत सफरचंदाचे. केळं आपलं नेहमीचं चालत नाही, त्याचा लगदा होतो. राजेळी केळं घ्यायचं, त्याचे काप वेगळे तळून वरून सोडायचे. चमचाभर व्हिनेगर घालायचं, आणि चव बघून वाटलंच तर साखर. तिकडे बरोबर मक्याच्या तोर्तिया असतात. आमच्याकडे भाकरी असते आणि ती या रश्श्याला तोर्तियाइतकीच शोभते.

तर आता पातेल्यात डोकावून बघू. यातलं मूळचं मेक्सिकोतलं काय? मिरची, टोमॅटो. अननस आणि रताळं ही मुळात अमेरिका खंडातलीच, स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथे खाल्ली जाणारी. बाकी सगळे पाहुणे. सफरचंद, बदाम, कांदा, लसूण स्पेनमधून गेले. केळं १५१६ साली कॅनरी बेटांवरून कॅरिबियनमधल्या सान्तो दोमिंगोला गेलं, तोमास दे बेर्लांगा नावाच्या धर्मगुरूबरोबर. (हाच गृहस्थ पुढे १५३५ साली जहाज भरकटून गालापागोस बेटांना जाऊन लागला. केळी नेणाऱ्याच्या नशिबात काय काय असतं!) दालचिनी सिंहलद्वीपाची, लवंग मोलुक्का बेटांची. साखर तर भारतातून अरबांकडे, अरबांकडून स्पेनला आणि तिथून अटलांटिकपार गेलेली. आणि खुद्द कोंबडी म्हणजे आग्नेय आशियातल्या रानकोंबड्यांची वंशज. मेक्सिकोत त्याआधी कापायला होता तो टर्की, ग्वाहोलोते.

टेबलक्लॉथसुद्धा पाहुणाच. तिथली मूळची माणसं चटईवर बसून जेवायची. टेबल आलं, त्यावर पांढरं कापड आलं आणि मगच त्यावर डाग पडण्याची सोय झाली. म्हणजे निदान हे नाव तरी १५२१ साली तेनोच्तित्लान पडल्यानंतरचंच असणार.

पण मग पदार्थाचं काय? मांसाच्या रश्श्यात फळ घालायची कल्पना कोणाची?

यावर एक उत्तर असं आहे की ती अरबांची. मध्ययुगीन स्पेनमध्ये शेकडो वर्षं मुस्लिम राजवटी होत्या. मांसात सुकी फळं, बदाम, दालचिनी आणि साखर घालायची, मसाला बारीक वाटून रस्सा दाट करायचा, ही त्या स्वयंपाकाची तऱ्हा स्पॅनिश लोक बरोबर घेऊन गेले. रेचल लाउडन या खाद्य-इतिहासकार बाईंनी २००४ साली एका लेखात हे फार सुरेख मांडलं आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं की मोगलाई कोर्मा आणि मेक्सिकन मोले हे एकाच मोठ्या इस्लामी खाद्यपरंपरेच्या दोन टोकांवरचे भाऊबंद आहेत. आणि हे साम्य जाणवलेल्या त्या काही पहिल्या नाहीत. कवी ओक्ताव्हियो पाझ १९६२ ते १९६८ मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या भारतावरच्या पुस्तकात त्यांनी मोले आणि करी समोरासमोर ठेवून, कोण कोणाची नक्कल, असा प्रश्न गंमतीने विचारला आहे.

मला हे उत्तर पटतं. पण अर्धंच पटतं.

कारण ‘मोले’ हा शब्दच मुळी स्पॅनिश नाही. तो नाहुआत्ल भाषेतल्या ‘मोल्ली’वरून आला, म्हणजे वाटून केलेलं कालवण. ग्वाकामोलेतलं ‘मोले’ हेच. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे सहागून नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने नाहुआ वृद्धांना प्रश्न विचारून आणि नाहुआ लेखकांकडून लिहवून घेऊन त्यांच्या जगाची एक बारा खंडांची नोंदवही तयार केली. १५७७ च्या सुमाराला ती पुरी झाली. तिला आज फ्लोरेन्टाइन कोडेक्स म्हणतात. तिच्या आठव्या खंडात सरदार-राजे काय जेवायचे याची यादी आहे. लाल मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया वाटून केलेला टर्कीचा रस्सा त्यात आहे. आणि त्याच यादीत आहे कच्च्या आंबट फळांचं कालवण, त्यात छोटे पांढरे मासे, पिवळी मिरची आणि टोमॅटो!

ते वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. मिरचीच्या कालवणात फळ घालायला तिथल्या माणसांना कोणा अरबाने किंवा स्पॅनियार्डने शिकवावं लागलं नव्हतं. ते आधीच घालत होते. आणि मजा म्हणजे, स्पॅनिश मजकुरात ज्याला नुसतं ‘प्लम’ म्हटलंय ते फळ आपल्या आंबाड्याचं सख्खं भावंड आहे. गोव्याकडे उडदमेथीत जे आंबाडे घालतात ना, तेच कूळ. तेव्हा गोव्यातल्या आमच्या नातेवाईकांना मोतेकसोमाच्या पंगतीत बसवलं असतं तर पहिल्या घासाला काही फारसं वेगळं वाटलं नसतं.

म्हणजे स्पॅनिश लोकांनी कोंबडी आणली, सफरचंद आणलं, तीळ-दालचिनी आणली. पातेलं मात्र आधीच चुलीवर होतं.

आता मेक्सिकोत लहान मुलालाही ठाऊक असलेल्या कथेकडे वळू. ती मान्चामान्तेलेसची नाही, तिच्या मोठ्या बहिणीची, मोले पोब्लानोची आहे. सतराव्या शतकाचा शेवट, पुएब्ला शहर. बिशपच्या घरी व्हाइसरॉय येणार. सान्ता रोसाच्या मठातल्या सोर आन्द्रेआ नावाच्या जोगिणीला काय करावं सुचेना. तिने हाताला लागलं ते, म्हणजे मिरच्या, सुकामेवा, मसाले, चॉकलेट, सगळं वाटून टर्कीवर ओतलं आणि मोलेचा जन्म झाला. दुसऱ्या एका कथेत एक फ्रायर स्वयंपाकी आहे आणि त्याच्या हातून सामान चुकून पातेल्यात पडतं. आणखी एकीत तर वाऱ्याने मसाले उडून पडतात. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी दाखवून दिलं आहे की जोगिणीच्या कथेला आजचं रूप आलं ते १९२६ साली वर्तमानपत्रात छापून आल्यावर. म्हणजे राज्यक्रांतीनंतर, नव्या मेक्सिकोला ‘आपला’ असा एक राष्ट्रीय पदार्थ हवा होता तेव्हा.

मला या कथांचा राग येतो तो त्या खोट्या आहेत म्हणून नव्हे. गणपती दूध पितो इथपर्यंत आपली तयारी असते. राग येतो तो त्यातल्या ‘चुकून’चा. वर कृती दिली आहे, ती एकदा करून बघा. मिरची किती शेकायची, तीळ कधी उतरवायचे, वाटण तळताना तेल किती तापलेलं हवं, कुठलं फळ कधी... यातलं काय वाऱ्याने होतं? ज्या हातांना हे ठाऊक होतं ते हात पिढ्यानपिढ्या तेच करत आलेले होते. पण त्यांचं नाव घेण्यापेक्षा वाऱ्याचं नाव घेणं सोयीचं.

त्या कथेतला बिशप मात्र खराखुरा होता. मानुएल फेर्नान्देस दे सान्ता क्रुस, पुएब्लाचा बिशप. आणि त्याचं नाव इतिहासात राहिलं ते एका पत्रामुळे. मेक्सिको शहरातल्या सान हेरोनिमो मठात सोर हुआना इनेस दे ला क्रुस नावाची एक जोगीण होती. कवयित्री, नाटककार, अफाट वाचलेली, घरात पुस्तकं आणि उपकरणं बाळगणारी बाई. १६९० साली या बिशपने ‘सोर फिलोतेआ’ असं बाईचं टोपणनाव घेऊन तिला पत्र लिहिलं, की लौकिक विद्येचा नाद पुरे, आता धर्मग्रंथांकडे वळ. मार्च १६९१ मध्ये तिने जे उत्तर लिहिलं ते स्त्रियांच्या शिकण्याच्या हक्कासाठी आजही वाचलं जातं. त्यात ती मध्येच स्वयंपाकघरात शिरते. अंडं तुपा-तेलात एकजीव राहतं पण पाकात विस्कटतं, हे असं का, हा प्रश्न तिला पडलेला आहे. आणि ॲरिस्टॉटल स्वयंपाक करता तर त्याने आणखी पुष्कळ लिहिलं असतं, असा टोलाही ती हाणते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, सान हेरोनिमो मठाच्या पाककृतींची एक वही आहे. ती निवड सोर हुआनाची असं परंपरा सांगते. हाती असलेली प्रत अठराव्या शतकातली मानतात, छापली गेली १९७९ साली, आणि तिचा कर्ता कोण यावर अभ्यासकांचे वाद आहेत. त्या वहीत आपली मान्चामान्तेलेस आहे! अगदी आटोपशीर. मिरच्या बिया काढून रात्रभर भिजवलेल्या, भाजलेल्या तिळाबरोबर वाटलेल्या, चरबीत तळलेल्या. मग पाणी, कोंबडी, केळं, रताळं, सफरचंदाचे काप आणि मीठ. संपली कृती. बदाम नाहीत, लवंगा नाहीत, चॉकलेट तर नाहीच.

‘वाटलेल्या’. हा एक शब्द लिहायला क्षणभर लागतो.

कोणी वाटल्या? सान हेरोनिमोसारख्या मठांत श्रीमंत घरच्या जोगिणी आपापल्या घरवजा खोल्यांत राहत. त्यांच्या दिमतीला मोलकरणी असत आणि गुलामही असत. सोर हुआनाला तिच्या आईने एक मुलगी दिली होती, हुआना दे सान होसे. मिश्रवर्णी, गुलाम. १६८० च्या दशकात सोर हुआनाने तिला आपल्या बहिणीला विकलं. तान्ह्या मुलासकट, अडीचशे पेसोंना. त्याचा कागद शिल्लक आहे. दोघींचं नाव एकच, हुआना. एकीचं चित्र मेक्सिकोच्या नोटांवर छापलेलं आहे.

सोर हुआनाबद्दलचं माझं प्रेम याने कमी होत नाही, पण ते पत्र वाचताना आता मला स्वयंपाकघरात दोन बायका दिसतात. एक अंड्याकडे बघून विचार करणारी आणि दुसरी तिच्या मागे, जमिनीवर.

आणि आता थोडं आपल्या बाजूचं. सोर हुआनाच्याच काळात, बिशपमहाशयांच्या पुएब्लात, कातारिना दे सान हुआन नावाची एक म्हातारी राहत होती. तिचं लहानपणीचं नाव मिर्रा होतं असं तिचे चरित्रकार सांगतात आणि ती मूळची मोगलांच्या मुलखातली. पोर्तुगीज चाच्यांनी तिला लहानपणी पळवलं, कोचीनला बाप्तिस्मा दिला, मनिलाच्या बाजारात विकलं. तिथून पॅसिफिक ओलांडून आकापुल्को आणि मग पुएब्ला. १६२० च्या आसपासची ही गोष्ट. मिगेल दे सोसा नावाच्या कप्तानाच्या घरी ती गुलाम म्हणून राबली. त्याच्या मृत्यूनंतर ती मोकळी झाली, पुढे तिचं एका दुसऱ्या आशियाई गुलामाशी लग्न लावून दिलं गेलं. मनिलाच्या जहाजातून आलेल्या सगळ्यांना, मग ते भारतातले असोत की फिलिपिन्सचे, तिकडे ‘चीनो’ म्हणत. या आशियाई लोकांची गुलामी राजाज्ञेने बंद झाली ती १६७२ साली. कातारिनाला दृष्टान्त होत, लोक तिला संत मानत. ५ जानेवारी १६८८ ला ती वारली तेव्हा अंत्ययात्रेला ही गर्दी लोटली होती. आलोन्सो रामोस या जेझुइटाने तिचं तीन खंडी चरित्र छापलं, त्यात तिला राजघराण्यातली ठरवलं, चमत्कारांची खैरात केली आणि शेवटी धर्मन्यायालयाने त्या पुस्तकावरच बंदी घातली. (‘चीना पोब्लाना’ हा मेक्सिकोतला झगमगता घागरा-पोशाख तिच्या नावाने ओळखला जातो. तो एकोणिसाव्या शतकातला, तिचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

तिने मान्चामान्तेलेस केली होती असं मला म्हणायचं नाही. पण ‘भारताचा मेक्सिकोच्या स्वयंपाकाशी काय संबंध?’ असं कोणी विचारलं की आपण मिरची, चिकू, अननस अशी फळभाज्यांची नावं घेतो. फळांबरोबर माणसंही त्याच समुद्रांवरून जात होती, आणि फळांसारखीच विकली जात होती.

वाटायचं साधन म्हणजे मेताते. ज्वालामुखीच्या खडबडीत दगडाचा, तीन पायांचा, उतरता पाटा. बाई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी लांबट दगड पुढे-मागे ओढते. रोजच्या तोर्तियांचा मका दळायलाच चार-पाच तास जायचे, मोलेचं वाटण म्हणजे त्यावर सणासुदीचं जास्तीचं काम. उत्खननांत सापडलेल्या तिथल्या बायकांच्या हाडांवर, गुडघ्यांवर आणि पाठीच्या मणक्यांवर या कामाच्या खुणा दिसतात. मक्याच्या यांत्रिक गिरण्या खेडोपाडी पोचल्या त्या विसाव्या शतकात. आज बहुतेक घरांत मिक्सर आहे. तरी लग्नाचा मोले मेतातेवरच वाटला पाहिजे असा हट्ट धरणाऱ्या सासवा वाहाकात अजून आहेत म्हणे. वाटायला त्या स्वतः बसतात की नाही, ते विचारू नये.

मेतातेवरच्या त्या लांबट दगडाला नाहुआत्लमध्ये ‘मेत्लापिल्ली’ म्हणतात. मेत्लात्ल म्हणजे पाटा आणि पिल्ली म्हणजे मूल. पाट्याचं बाळ! मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची घालून, बाळासारखा गुंडाळून पाळण्याखालून-वरून ह्या हातातून त्या हातात देतात आणि मगच खरं बाळ पाळण्यात जातं. दोन टोकांच्या बायकांनी एकमेकींना न बघता दगडाला मूल म्हटलं. दिवसाचे इतके तास जे मांडीशी असतं त्याला आणखी काय म्हणणार?

आमच्या घरातल्या शेवटच्या बारशाला पाटा-वरवंटा कोणाकडेच नव्हता. शेवटी मामींच्या माळ्यावर एक सापडला. धुऊन, पुसून, कुंची घालून झाल्यावर कोणीतरी त्याला काजळाची तीटसुद्धा लावली. पाटा मात्र सापडला नाही.